दारू नाही, तंबाखू नाही. मग तक्रार कसली?

“पहाटे उठून पळतात, एवढंच. त्यावर तक्रार करतेय म्हटल्यावर माहेरचेसुद्धा मलाच हसतात की ओ मॅडम.”

सोलापुरात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायकांचं गाऱ्हाणं एरवी दारूचं, माव्याचं किंवा मोबाइलवरच्या रमीचं असतं. या बाईंचं धावण्याचं होतं. चांगल्या सवयीचं व्यसन होतं का, हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून दोघांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

नवरा बँकेत, पन्नाशीला टेकलेला. शुगर निघाली तेव्हा एचबीए१सी, म्हणजे रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ८.४ होतं. संभाजी तलावावर चालायला जाऊ लागले, मग धावायला. आकडा ६.२ वर आला, पोट उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे नडगी दुखायला लागली. हाडाला बारीक तडा होता. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं, तर हे पट्टी बांधून धावले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना गायब. आणि एखादा दिवस चुकलाच, तर दिवसभर मुलीवर खेकसणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं आणि गेमिंगचं व्यसन आहे, व्यायामाचं वेगळं नाही. त्यामुळे मी त्यांना कुठलाही शिक्का मारला नाही. विल्यम ग्लासर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ मध्ये धावणं आणि ध्यान यांना ‘सकारात्मक व्यसन’ म्हटलं होतं. पण त्याच्या अटी लोक विसरतात: त्यात स्पर्धा नको, वेळ दिवसाला तासाभराचा, आणि ते करताना स्वतःला दोष देत बसायचं नाही. आमच्या या गृहस्थांच्या मनगटावर घड्याळ, फोनमध्ये ग्रुप, आणि ग्रुपवर रोज कोण किती किलोमीटर याची यादी. खालच्या नंबरवर गेलं की झोप नाही!

किती तास करता, हे मी फारसं विचारत नाही. त्यांच्या आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. वर्षानुवर्षं. ताप आला तर पडून राहतात, नातू पडला-झडला तर अर्ध्यावर उठतात, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मला तेवढंच पाहायचं असतं: चुकलं तर काय होतं, आणि नुकसान दिसत असतानाही थांबता येतं का.

या गृहस्थांना मी विचारलं, “एक दिवस नाही गेलात, तर नेमकं काय होईल?” बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शुगर परत चढेल. वडिलांचा पाय काढावा लागला होता, मॅडम.”

हे बायकोलाही त्यांनी इतकं उघड कधी सांगितलं नव्हतं. त्या भीतीला माझ्या समजावण्यापेक्षा त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांचा उपयोग जास्त झाला. एचबीए१सी हा साधारण तीन महिन्यांचा हिशेब असतो, एका सुट्टीने तो बिघडत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम व्हावा आणि सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नसावा, एवढं पुरे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. पाय बरा होईपर्यंत पोहणं. ग्रुप सोडायला मात्र मी सांगितलं, आणि त्यावरून ते माझ्यावर चांगलेच चिडले होते. पहिले दोन आठवडे घरात सगळ्यांना जड गेले.

आता आठवड्यातून चार दिवस धावतात. मार्चअखेरीला बँकेत कामाचा ताण वाढला, तेव्हा पुन्हा सलग सहा दिवस धावायला गेले. पण ते बायकोला स्वतःहून सांगितलं. पूर्वी घामाचे कपडे स्कूटरच्या डिकीत लपवायचे.