जळकी कॉइल कापायच्या आधी

बाळ,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दुकानात दोन सबमर्सिबल मोटरी खोलून पडल्या होत्या म्हणून उत्तराला उशीर झाला. आज दुपारपासून पाऊस लागलाय, लाइट पण नाही, म्हणलं मोबाइलवरच लिहावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालवून घे, तुझ्या आजीला दाखवू नको म्हणजे झालं.

तू विचारलंयस की मला रोजचं काहीतरी लिहायचंय, कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टमधलं, काढलेल्या चित्रांचं, घरातलं पण, तर सुरुवात कुठनं करू आणि हे सगळं एकाच ठिकाणी लिहिलं तर खिचडी नाही का होणार. आता मी काय लेखक नाही, मोटर रिवायंडिंगवाला माणूस, जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देणारा. पण तीस वर्षं वही लिहितोय म्हणून मला विचारलंस असं समजतो.

तर ती वही कशी सुरू झाली ते सांगतो. जळालेली मोटर आली की आम्ही आधी नुसती बघतो. आतल्या कॉइलींचे तीन गट असतात, त्यांना फेज म्हणतात, आणि ते स्टार नाहीतर डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टारमध्ये जोडलेली असेल आणि लाइनचा एक फेज गेल्यामुळं जळाली असेल तर दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक फेज चांगली दिसते. डेल्टा असेल तर उलटं, एकच फेज काळी. म्हणजे शेतकरी म्हणत असतो तार खराब होती, वायंडिंगवाल्यानं फसवलं, पण कॉइल बघितली की कळतं रात्री लाइनचा एक फेज गेला होता आणि मोटर तशीच ओढत बसली. मग स्लॉट, म्हणजे तार बसायच्या खाचा, किती, पिच, म्हणजे एक कॉइल किती खाचा ओलांडते, ते किती, कनेक्शन कसं आहे ते बघायचं, मग छिन्नीनं एका बाजूची डोकी कापायची, टर्न म्हणजे तारेचे वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी घ्यायची. आणि एकदा ती तार ओढून भंगारात टाकली की संपलं, कोर रिकामा, त्यात आधी काय होतं ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम होता, कापायच्या आधी लिहायचं. दुरुस्त झाल्यावर लिहू म्हणलं तर तेव्हा लिहायला काय उरलेलंच नसतं.

तू म्हणालीस ना, रात्री दोन वाजता प्रोग्रॅममधला घोळ सापडला, खूश होऊन झोपले आणि आठ दिवसांनी तोच घोळ परत आला तेव्हा काय केलं होतं तेच आठवेना. अगं ते हेच आहे. एरर आली की तिला जसंच्या तसं उतरवून घे, तुझा त्या वेळचा अंदाज काय होता तो पण लिही, चुकीचा असला तरी. नंतर लिहिलं की माणूस शहाणा होऊन लिहितो, जणू पहिल्यापासून माहीतच होतं. तसलं वाचून कुणाच्या काय उपयोगाचं.

आता माझी फजिती ऐक. उस्तादांच्या वहीत एका पाच एचपी मोनोब्लॉकचा, म्हणजे पंप आणि मोटर एकत्र असते तिचा, डेटा होता, टर्न २४. मी नवा, घाईत, मला ते अठ्ठावीस वाटलं. मराठी दोन आणि इंग्रजी दोन सारखाच दिसतो आणि उस्ताद मराठी चार असा काढायचे की इंग्रजी आठच वाटावा. अठ्ठावीस टर्न भरताना स्लॉटमध्ये तार मावेना, तिथंच कळायला पाहिजे होतं की, पण मी ठोकून ठोकून बसवली. रिकामी फिरवली तर लोण्यासारखी, अँपिअर उलट कमीच, मी आपला छाती काढून उभा. शेतात नेऊन पाण्यावर लावली तर उचलेना. टर्न वाढले की ताकद वर्गाच्या हिशोबात पडते, २४ भागिले २८ चा वर्ग कर, साधारण पाऊण हिश्श्यापेक्षा पण कमी राहते. ऊस वाळायला लागलेला, मालक बांधावर उभा राहून जे बोलला ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी आकडा पण लिहितो आणि अक्षरात पण. आणि ही फजिती पण वहीत आहे, तारखेसकट. तू वही काढलीस तर असली पानं ठेव, फाडू नको, मला विचारशील तर माझ्या सगळ्या वह्यांत मी स्वतः परत परत वाचतो ती हीच पानं.

आता खिचडीचं. माझ्या वहीत उजव्या पानावर मोटरीचा डेटा असतो आणि डाव्या पानावर काहीही. हळदीचा भाव, पोरीचा पहिला दात पडला, कृष्णेचं पाणी किती चढलं, हरिपूरला संगमावर कुणाबरोबर जाऊन बसलो. बायको हसायची, हिशोबाच्या वहीत दात कशाला. पण गंमत अशी की मला जुनी मोटर शोधायची असते तेव्हा तारीख कधीच आठवत नाही, आठवतं ते हे की त्या दिवशी पहिला वळीव पडला होता किंवा पोरीला ताप होता. मग डावं पान चाळत जातो आणि उजवं सापडतं. कॉम्प्युटरचं वेगळं, चित्राचं वेगळं, घरचं वेगळं अशा तीन वह्या केल्यास तर महिन्याभरात तिन्ही बंद पडतील, लिहून ठेव माझ्याकडनं.

आणि ही काय माझी एकट्याची खोड नाही. इथंच किर्लोस्करवाडीत १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना वसवला, नांगर बनवायचे, आणि १९२० ला त्या कारखान्याचं म्हणून एक छोटं मासिक निघालं, किर्लोस्कर खबर. शंकरराव किर्लोस्कर बघायचे ते. सुरुवात कारखान्याच्या आणि यंत्रांच्या बातम्यांनी झाली आणि पुढं त्यात गोष्टी आल्या, समाजातले वाद आले, आणि घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. नांगराच्या फाळापासनं निघून तिथपर्यंत. तेव्हा खिचडीला घाबरू नको.

चित्रांचं काय लिहू असं पण विचारलंयस. इथं मी जरा अडखळतो, कारण माझ्या कामात सगळं मोजता येतं आणि तुझ्या त्या कामात नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत माझं एकाकडं जाणं-येणं आहे, तंबोरे करतात. पंढरपूरकडनं भोपळा येतो, वाळवतात, कापतात, ते सगळं मी वहीत उतरवून घेतलं, छान जमलं. मग आली जवारी. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीनं अगदी पुसल्यासारखा घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि ऐकत राहायचं, तार त्या माथ्यावर घासत घासत वाजते तेव्हा तो भरलेला झणकारणारा आवाज येतो. मी विचारलं किती घासायचं, किती मिलिमीटर. म्हातारबुवा माझ्याकडं बघून नुसते हसले. म्हणाले, बोलायला लागेपर्यंत. मी तेच लिहून आलो, वैतागून. पण परत गेलो तेव्हा आकडा न विचारता विचारलं की आत्ता थांबलात ते काय ऐकून थांबलात. मग बोलले की, अर्धा तास बोलले, आवाज कुठं बसतो, कुठं फाटतो, कोणती तार आधी. तर तुझ्या चित्राबद्दल लिहिताना छान झालं, मन प्रसन्न झालं असलं लिहू नको. कुठं थांबलीस आणि का थांबलीस ते लिही. कुठला रंग पुसून काढलास ते लिही.

आता जपणुकीचं, आणि हे जरा कान देऊन वाच कारण ह्यात मी मार खाल्लाय. २०१९ चा पूर तुला आठवतच असेल, तू शाळेत होतीस. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४५ फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी गेलं ५७ फुटाच्या वर. दुकान गावभागात, वह्या खालच्या फळीवर. २००५ चा पूर बघितलेला माणूस मी, तरी खालच्या फळीवर! पाणी उतरल्यावर चिखलातनं वह्या काढल्या, घरी दोऱ्या बांधून सावलीत पंख्याखाली एकेक पान सुटं करत वाळवलं. शाईपेननं लिहिलेलं सगळं निळं धुकं झालेलं. बॉलपेनचं फिकट पण वाचता येत होतं. आणि पेन्सिलीचं? जसंच्या तसं. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट पाण्यात विरघळतच नाही. उस्ताद गरिबीमुळं पेन्सिल वापरायचे, त्यांचा तो चार-आठचा घोळ पण शाबूत राहिला बघ.

त्याच आठवड्यात दुकानापुढं भिजलेल्या मोटरींची रांग लागली आणि मी तसल्या ओल्या वह्या उघडून काम करत होतो. जे थांबले त्यांच्या मोटरी धुवून, वाळवून, मेगर लावून, म्हणजे आत ओल राहून करंट गळतोय का ते तपासून, नीट चालू झाल्या. ज्यांनी उतावीळपणे तशाच चालू करून बघितल्या त्यांच्या जळाल्या. असो, विषय तो नाही.

कॉम्प्युटरवर लिहिलं की पुरातनं सुटलो असं वाटतं, पण तिथं दुसरा पूर असतो. माझ्या भाच्यानं हौसेनं माझ्या दोन वह्या टाइप करून दिल्या होत्या, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि डॉलर-टक्क्यांची चिन्हं. का, तर त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरच साठवलेलं असायचं, फक्त त्याचं चित्र मराठीसारखं काढलेलं. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये तसं नाही, तिथं प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, क म्हणजे २३२५, जगात कुठं पण. १९९१ ला आलं ते, पण आमच्याकडं पोचायला वेळ लागला. तुझ्या पिढीला फोनमध्ये आयतं मिळालंय. तर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिही, फार नटवू नको, फाइलच्या नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस टाक म्हणजे आपोआप ओळीनं लागतात. तीन ठिकाणी ठेव. लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हवर एक, आणि तिसरी अशा जागी जिथं कृष्णा येऊच शकत नाही. माझी तिसरी कॉपी विट्याला मेहुणीच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे.

रोज लिहायचंच असा नेम बिम करू नको, मला तरी जमला नाही. माझ्या वहीत चार-चार महिने कोरे आहेत, वडील गेले तेव्हाचे तर जास्तच. नंतर ते भरून काढायचा प्रयत्न पण केला नाही. कोणाला वाचायला द्यायचं का ते नंतर बघ, मी माझं सतरा वर्षांनी पहिल्यांदा दाखवलं आणि ते पण टर्न विचारायला आलेल्या पोराला.

लाइट आली बघ. एक काम कर, रविवारी दुकानात ये. तासगावकडची द्राक्षबागेतली एक जुनी मोटर आलीय, प्लेट गंजून गेलेली, कंपनी कळत नाही, डेटा माझ्या कुठल्याच वहीत नाही. अजून कापलेली नाही, तू येईपर्यंत तशीच ठेवतो. वही आण, पेन्सिल मी देतो. आणि येताना भडंग घेऊन ये, तिखट.

काका