नबाती ‘नेफेश’ला ‘समाधी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: जॉर्डनमधल्या पेट्राच्या कड्यांवर निमुळते होत गेलेले दगडी सुळके कोरलेले दिसतात. पेट्रा ज्यांची राजधानी होती ते प्राचीन नबाती लोक त्यांना ‘नेफेश’ म्हणत. मराठीत ‘समाधी’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. समाधी म्हटलं की जिथे देह ठेवला किंवा दहन झालं, ती जागा डोळ्यांपुढे येते. नेफेशला देह लागतच नाही. पेट्राला जाणाऱ्या सीक घळीच्या तोंडाशी पेत्रायोस नावाच्या माणसाचा नेफेश आहे. त्यावर कोरलेला लेख सांगतो की पेत्रायोस रकमूत, म्हणजे पेट्रातच, असायचा. गरशूत, आजच्या जेराशमध्ये, वारला आणि तिथेच पुरला गेला. नेफेश त्याच्या धन्याने, तैमूने, करवला. देह दूर उत्तरेला, नेफेश इथे वेशीवर. ‘पुरला’साठी तिथे जे क्रियापद आलंय त्याचा धातू क-ब-र. अरबी-फारसीतून आलेल्या आपल्या ‘कबर’चाही तोच! म्हणजे कबर आणि नेफेश या दोन वेगळ्या गोष्टी, हे तो लेखच दाखवतो.

‘नेफेश’चा अर्थ जीव. हिब्रूतही नेफेश, अरबीत नफ्स. श्वासापासून जीव आणि जिवापासून ‘स्वतः’, असा या शब्दाचा प्रवास. आपला ‘प्राण’ही श्वासाच्याच वाटेने आलाय. त्यामुळे लेखातलं ‘हा पेत्रायोसचा नेफेश’ शब्दशः वाचलं तर ‘हा पेत्रायोसचा जीव’ असं होतं. इ.स.पू. 312च्या सुमाराचं ग्रीक वर्णन सांगतं की हे वाळवंटी लोक घरं बांधत नाहीत, धान्य पेरत नाहीत. त्यांच्या वंशजांनी माणसाच्या जिवाला दगडात ठाव दिला, हे मला फार भिडतं.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द स्मशानात सापडतो: जीवखडा. दहनाच्या वेळी उचललेल्या त्या खड्यात गेलेल्याचा जीव आहे असं मानून दहाव्यापर्यंत तो जपतात. फरक एवढाच की तो शेवटी पाण्यात सोडायचा असतो आणि नेफेश कायम उभा राहतो. म्हणून मी ‘जीवशिळा’ सुचवेन. पहिल्यांदा ‘नेफेश, म्हणजे जीवशिळा’ असं लिहावं.

‘थडगं’ हा शब्द मात्र ‘कप्रा’साठी, म्हणजे देह पुरायच्या कोरीव दालनाच्या नबाती शब्दासाठी, राखून ठेवावा. सौदी अरबस्तानातल्या हेग्रा इथे थडग्यांच्या दारांवरचे किती तरी लेख ‘हा कप्रा अमक्याने केला’ असे सुरू होतात. पुढे कोणाला तिथे पुरायचं ते नेमून दिलेलं असतं आणि ते मोडणाऱ्याला दुशारा देवाचा शाप, वर राजाला द्यायचा दंड.

पेट्राच्या वाटेवर एका थडग्याच्या माथ्यावर ओळीने चार मोठे सुळके आहेत. तिथे सरळ लिहावं: खाली कप्रा, वर चार जीवशिळा.