नोकरी न्यूयॉर्कमध्ये आहे. टेक्सासमध्ये घर घेतलं तर राज्याचा आयकर वाचेल का?

नुसतं घर घेऊन नाही. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही हे खरं, पण त्यासाठी तिथे खरोखर राहायला जावं लागतं. न्यूयॉर्कमधलं घर ठेवून वर्षात 183 पेक्षा जास्त दिवस न्यूयॉर्कमध्येच काढलेत, तर न्यूयॉर्क तुम्हाला रहिवासीच धरणार. अर्धा दिवस थांबलात तरी तो सहसा पूर्ण मोजतात! शिवाय न्यूयॉर्कच्याच कंपनीचं काम स्वतःच्या सोयीने टेक्सासच्या घरून केलंत, तर त्या पगारावर न्यूयॉर्कचा कर बहुधा चालूच राहतो. खरी मेख इथे आहे.

आता प्रॉपर्टी टॅक्स. टेक्सासमध्ये तो साधारण दीड ते दोन टक्के, म्हणजे 5 लाख डॉलरच्या घराला वर्षाला साडेसात ते दहा हजार डॉलर. स्वतः राहत असाल तर होमस्टेड सवलतीचा अर्ज लगेच करा. शाळांसाठीच्या करात घराच्या किमतीतून 1,40,000 डॉलर वजा होतात आणि करपात्र किंमत वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. घर भाड्याने दिलंत तर ही सवलत नाही.

माझ्या मते पगार मोठा आणि घर बेताचं असेल, तरच हे गणित जमतं.