सत्तरीपुढच्या आईवडिलांना आणि मुलांना घेऊन दोन आठवडे मोरोक्को जमेल का? वाळवंट झेपेल का, आणि गाडी स्वतः चालवावी का?

जमतं. आम्ही नेलंय. सासूबाई तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, बीपीची गोळी चालू. त्यामुळे इथे खाली "ज्येष्ठांना चारधामला न्या, मोरोक्को तरुणांसाठी आहे" टाइपचं उत्तर वाचलं आणि डोकंच फिरलं, कारण हेच आमचे मोठे दीर जायच्या आधी महिनाभर ऐकवत होते. "आईला वाळवंटात नेऊन काय करणार, उंटावर बसवणार?" केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे हो, तिथे गुडघे चालतात म्हणे!

उंटावर नाही बसवलं. मर्झूगाला, म्हणजे सहाराच्या कडेच्या गावाला, वाळूतल्या तंबूंच्या कॅम्पपर्यंत फोर बाय फोर जाते, त्या जीपने गेल्या, मुलं उंटावरून आली, आणि एर्ग चेब्बी म्हणतात त्या टेकड्यांची ती दीडशे मीटर उंच वाळू त्यांनी खुर्चीत बसून चहा पीत बघितली. काय बिघडलं?

पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. मर्झूगाहून टोद्राच्या घळीकडे निघालो, एर्फूद सोडलं की जोर्फच्या आसपास रस्त्याच्या कडेला मातीचे ढिगारे लागतात, एका रांगेत, लांबवर, प्रत्येकाच्या मधोमध भोक. मुलं मोबाइलमध्ये, नवरा पेंगलेला, आणि मागच्या सीटवरून सासूबाई एकदम म्हणाल्या, "अरे थांबवा, ही नहर आहे." त्यांचं माहेर संभाजीनगरचं (त्यांच्या तोंडी अजून औरंगाबादच), सासरे पाटबंधारे खात्यात होते, मलिक अंबरने सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं ती नहर-ए-अंबरी त्यांना तोंडपाठ. आणि हे खरंच त्याच जातीचं निघालं, तिथे खेत्तारा म्हणतात. वरच्या अंगाला भूजल लागेपर्यंत विहीर खणायची, मग ठरावीक अंतरावर विहिरी घेत त्या खालून बोगद्याने जोडायच्या, उतार अगदी थोडा, पाणी आपोआप गावापर्यंत वाहत येतं आणि उन्हात उडून जात नाही. उपसलेली माती विहिरीच्या तोंडाशी टाकली की झाला ढिगारा. पंप आले, झीझ नदीवर 1971 साली धरण झालं, त्यानंतर यातल्या बऱ्याच कोरड्या पडल्या.

तिथला एक माणूस थोडे पैसे घेऊन पायऱ्यांनी खाली बोगद्यात नेतो. मी म्हटलं तुम्ही वरच थांबा. छे! नातवाचा हात धरून उतरल्या आणि त्या माणसाला विचारायला लागल्या की गाळ कोण काढायचं, पाणी कुणाला किती ते कोण ठरवायचं. आमचा ड्रायव्हर मोडक्या इंग्लिशमध्ये दोन्हीकडून सांगत होता. पाण्याच्या पाळ्या असतात आणि प्रत्येक घराचा वाटा वेळेवर मोजतात, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग भांडणंही आपल्यासारखीच असतील." तो माणूस इतका हसला की वर आल्यावर त्याने चहा पाजला आणि त्याचे पैसे काही घेतले नाहीत. मलिक अंबर स्वतः मूळचा इथिओपियाचा, हेही त्याला सांगून झालं. आम्ही बाकी सगळे नुसते फोटो काढत होतो, त्या रस्त्यावर काय बघायचं हे फक्त त्यांनाच कळलं होतं. दिरांना हे सांगितलं तर म्हणतात, "खाली उतरवलंच कशाला? पडली असती म्हणजे?" आता यावर काय बोलणार.

म्हाताऱ्यांना दमवतात ते टूरवाले, वाळवंट नाही. फेस ते मर्झूगा साधारण 470 किलोमीटर एका दिवसात, आणि परतीला मर्झूगा ते मराकेश साडेपाचशेच्या वर, तेही अ‍ॅटलास पर्वतातल्या टिचकाच्या 2,260 मीटर उंचीच्या खिंडीतून, हे पंचविशीतल्या पोरालाही नको होतं. जाताना मिदेल्टला मुक्काम करा, येताना टोद्रा किंवा दादेसच्या घळीत एक आणि ऐत बेनहद्दूला, त्या मातीच्या जुन्या तटबंदीच्या गावाला, एक. त्यासाठी शेफशाऊन, ते निळं गाव, सोडावं लागलं तर खुशाल सोडा, निळ्या भिंती फोटोत भरपूर दिसतात. माणसं कमी करण्यापेक्षा गावं कमी करा, हे मी दिरांनाही सांगून थकले.

गाडीचं म्हणाल तर आम्ही ड्रायव्हरसकट घेतली. तिथे उजवीकडून चालवतात, घाटात आपण चालवणार म्हणजे बघायचं राहूनच जाणार. रस्ते मात्र चांगले आहेत आणि घरात दोघं चालवणारे असतील तर चालवाही, माझा काही हट्ट नाही.

हां, हे राहिलंच. जून ते ऑगस्ट अजिबात नको, मर्झूगाला पारा चाळीसच्या वर असतो. डिसेंबर-जानेवारीत उलट, रात्री गारठा. हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कॅम्पपासून मोठं हॉस्पिटल जवळ नाहीये. शाकाहारी असाल तर भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली रस्सा भाजी) सगळीकडे मिळतं पण हरीरा सूपमध्ये बऱ्याचदा मटण असतं, विचारून घ्या. फेसच्या जुन्या गावात गाडी जातच नाही, सामान हातगाडीवर येतं, आणि रियादचे, म्हणजे चौकवाल्या जुन्या घरांत केलेल्या हॉटेलांचे, जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे. तळमजल्याची खोली मेसेजवर लिहून घ्या, फोनवर सगळे हो म्हणतात.