उबुंटू (लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली) 22.04 वरून 24.04 केल्यापासून लॅपटॉपला जोडलेला मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो. पोर्ट जळाले असेल का?

आपण कळवलेले तपशील असे आहेत: लॅपटॉपचा स्वतःचा पडदा व्यवस्थित चालतो, एचडीएमआय केबलने जोडलेला मॉनिटर अपग्रेडनंतरच्या पहिल्याच रीस्टार्टपासून काळा आहे, आणि लॅपटॉपमध्ये इंटेलच्या जोडीला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड आहे. अपग्रेड गुरुवारी चालू असताना वीज गेली, म्हणून पोर्ट जळाले असावे अशी आपल्याला शंका आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड बदलायला सांगितले आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तूर्त बोर्ड उघडू देऊ नये आणि फॉरमॅटही करू नये. या लक्षणांवरून पोर्ट शाबूत असण्याचीच शक्यता फार मोठी आहे.

प्रथम विजेविषयी. पुण्यात गुरुवारी वीज जाणे नवीन नाही, आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याला ते जाणवतही नाही. राउटर बंद पडला असला तरी उबुंटूचे अपग्रेड आधी सर्व पॅकेजे उतरवून घेते आणि मगच बसवायला लागते, त्यामुळे त्यानेही सहसा बिघाड होत नाही. बॅटरी संपून लॅपटॉप मध्येच बंद पडला असेल तर मात्र अर्धवट राहिलेली पॅकेजे 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' या आज्ञेने आधी पूर्ण करून घ्यावीत. (आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत द्याव्यात.)

आता मूळ मुद्दा. दोन ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत आतला पडदा इंटेलला जोडलेला असतो, पण बाहेरच्या एचडीएमआय पोर्टची तार थेट एनव्हिडियाच्या कार्डाकडे जाते. त्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर सुरू झाला नाही तर आतल्या पडद्यावर काहीच फरक दिसत नाही, आणि पोर्ट मात्र मेल्यासारखे होते. केबल बदला, मॉनिटर बदला, काही उपयोग होत नाही. मी स्वतः पुण्यातल्या तापकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन नवी केबल आणली होती आणि ती लावल्यावरही मॉनिटरवर तीच 'नो सिग्नल'ची पट्टी फिरत होती, म्हणून हे खात्रीने लिहितो.

मी घरून अक्षरजुळणीचे काम करतो, आणि दिवाळी अंकाची समोरासमोरची दोन पाने एकदम पाहायची असल्याने बाहेरच्या मॉनिटरवाचून माझे चालत नाही. ऐन अंकांच्या दिवसांत मी हेच अपग्रेड केले आणि आपल्यासारखाच अडकलो. तेव्हा '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरमध्ये पाहिले, तर जोडण्यांच्या यादीत 'ईडीपी' ही आतल्या पडद्याची एकच नोंद होती. एचडीएमआयची नोंदच नव्हती. म्हणजे मॉनिटर जोडलेला आहे की नाही हा प्रश्न पुढचाच होता, यंत्राला ते पोर्ट असल्याचेच माहीत नव्हते. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा दिल्यावर ड्रायव्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश आला. शेवटी 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' देऊन ड्रायव्हर हाताने चढवायचा प्रयत्न केला तेव्हा उत्तर मिळाले: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस', म्हणजे किल्ली नाकारली गेली. आपणही हीच आज्ञा सर्वांत आधी देऊन पाहावी, कारण हे एक वाक्य मिळाले की पुढची बरीच शोधाशोध वाचते.

त्याचा अर्थ असा. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारे संरक्षण) चालू असेल तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, केवळ विश्वासातल्या किल्लीने सही केलेलेच ड्रायव्हर आत घेतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएसच्या (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर नव्याने तयार करणाऱ्या व्यवस्थेच्या) मार्गाने आपल्याच यंत्रावर तयार होत असेल, तर त्यावरची सही आपल्याच यंत्राच्या किल्लीची असते, आणि ती किल्ली एकदा आपण स्वतः मान्य करावी लागते. यासाठी अपग्रेडच्या वेळी एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर दहापासून उलटे आकडे मोजले जातात, आणि तेवढ्यात कोणतीही कळ दाबली नाही तर किल्लीची नोंद न होता यंत्र मुकाट्याने पुढे सुरू होते. माझ्याकडे नेमके त्याच वेळी दारावर कुरिअर आले होते, आणि मी परत आलो तेव्हा लॉगिनचा पडदा समोर होता. आपल्याला असा निळा पडदा दिसल्याचे आठवते का, हे जरूर आठवून पाहावे.

'मोकयुटिल --एसबी-स्टेट' या आज्ञेने सिक्युअर बूट चालू आहे की नाही ते कळते. चालू असेल तर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' द्यावी. किल्लीची विनंती पुन्हा नोंदवली जाते आणि तात्पुरता पासवर्ड मागितला जातो. तो आठ आकड्यांचा ठेवावा, कारण निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीत असतो आणि चिन्हे भलतीकडे जातात. हा पासवर्ड लॉगिनचा नव्हे, एकदाच लागणारा आहे. मग रीस्टार्ट करून जागेवरून न हलता निळ्या पडद्याची वाट पाहावी, कळ दाबावी, 'एनरोल मोक' (मोक म्हणजे आपल्या यंत्राची किल्ली), 'कंटिन्यू', 'यस' असे निवडून पासवर्ड द्यावा आणि 'रीबूट' करावे. माझा मॉनिटर त्यानंतर लॉगिनच्या पडद्यालाच उजळला.

अनेक जण यावर सिक्युअर बूटच बंद करायला सांगतात. मला तो सल्ला पटत नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी यंत्राचे एक संरक्षण काढून टाकावे लागते, आणि त्याच लॅपटॉपवर विंडोज असून बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद ठेवणारे साधन) चालू असेल तर त्या बदलामुळे विंडोज रिकव्हरी की मागू शकते.

किल्लीची तक्रार आलीच नाही, तर 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' देऊन पाहावे. उत्तर 'इंटेल' आले तर एनव्हिडियाचे कार्ड बंदच ठेवलेले आहे. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' देऊन रीस्टार्ट करावे. ड्रायव्हरच सापडत नाही असे म्हटले तर तो पूर्वी कोठून घेतला होता ते आठवावे. बाहेरच्या पीपीए (उबुंटूच्या अधिकृत भांडाराबाहेरची पॅकेजांची भांडारे) अपग्रेडच्या वेळी बंद केल्या जातात, आणि संकेतस्थळावरून उतरवलेली '.रन' फाइल चालवून बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलपुरताच तयार झालेला असू शकतो. तसा असेल तर 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल'ने तो आधी काढावा आणि मग 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' द्यावे. उबुंटूच्या भांडारात आधीच सही केलेले ड्रायव्हर असतात, ते मिळाले तर किल्लीचा प्रश्नच उरत नाही. नव्या आवृत्तीच्या मोहाने ड्रायव्हर बाहेरून आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही मॉनिटर काळाच राहिला, तर पोर्टची परीक्षा पेनड्राइव्हवर घ्यावी. उबुंटू 22.04 ची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि काहीही न बसवता 'ट्राय उबुंटू' निवडावे. 'सेफ ग्राफिक्स' हा पर्याय मात्र घेऊ नये, कारण त्यात ग्राफिक्सचे ड्रायव्हर बाजूला ठेवले जातात आणि चाचणीच व्यर्थ ठरते. तेथे मॉनिटरवर चित्र आले तर पोर्ट निःसंशय चांगले आहे. पेनड्राइव्हवरही चित्र आले नाही आणि लॅपटॉपवर विंडोज असल्यास त्यातही आले नाही, तरच दुकानाची पायरी चढावी, आणि तेव्हाही बोर्ड बदलण्याआधी एचडीएमआय पोर्टचे डाख (सोल्डरिंगचे सांधे) तपासून घ्यायला सांगावे.

'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' आणि 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' यांना मिळालेली उत्तरे प्रश्नात जोडावीत; ती पाहून मी पुढचे लिहीन.