आजी शाळा सारवायची म्हणजे काय करायची

चिऊ,

रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली ना की शनिवारी आम्ही शाळा सारवायचो, तर फोन ठेवल्यावर तू विचारलंस की सारवायची म्हणजे काय गं, आणि तुम्हाला बेंच पण नव्हते का? मी तेव्हा कुकर लावत होते, म्हणून आता लिहूनच देते.

बेंच नव्हते. साताऱ्याकडच्या खेड्यातली शाळा ती, आजीच्या वेळी खाली नुसती मातीची जमीन, न सारवली तर धूळ उडायची, मग मुली शेण गोळा करून आणायच्या आणि पाण्यात कालवून हाताने सगळा वर्ग सारवायच्या. मुलं फक्त पाणी आणून द्यायची. (हे असं का, ते आजीला विचारून बघ, चिडते.) माझ्यावेळी फरशी आली होती, त्यामुळे झाडायचं आणि बस्करपट्टी अंथरायची, म्हणजे लांबच लांब पट्टी, तिच्यावर ओळीत मांडी घालून बसायचं.

वह्या कमी, पाटीच जास्त. पाटी थुंकी लावून पुसायची, मग हवेत हलवत "कावळ्या कावळ्या पाणी घाल, चिमणी चिमणी वारा घाल" म्हणायचं की वाळते. पेन्सिल लिहायला कमी आणि खायला जास्त लागायची, ई म्हणू नकोस, सगळेच खायचे. पण पाटीवरचं काही उरत नाही ना, म्हणून सगळं पाठच करायचं. आजीला तर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढे) सगळं यायचं, रोज संध्याकाळी घरी परवचा, म्हणजे पाढे मोठ्याने, म्हणायला लागायचा. म्हणून तर इंडियन स्टोअरमध्ये दीड डॉलरला एक असे सात नारळ घेतले की मी फोन काढेपर्यंत ती साडेदहा म्हणून मोकळी.

मला खरी मजा वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. आम्हाला दोन गुरुजी आणि चार इयत्ता, त्यामुळे दुसरी आणि चौथी एकाच खोलीत. आम्हाला गणितं घालून गुरुजी चौथीकडे वळायचे, आणि चौथीच्या इतिहासाला अख्खे शिवाजी महाराज! हात वजाबाकीवर आणि कान प्रतापगडावर. अफझलखान आला की आमच्या सगळ्या वजाबाक्या चुकायच्या. चौथीत गेले तेव्हा पुस्तक उघडायच्या आधीच मला आग्र्याहून सुटका तोंडपाठ होती. तुमच्याकडे एका वयाची मुलं एका वर्गात, दार बंद, पलीकडे थर्ड ग्रेड काय शिकतंय ते तुला कळतच नाही, ते मला जरा कोरडं वाटतं.

आता मावशीच्या ओमची शाळा बघ, तीही जिल्हा परिषदेचीच. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड, भिंतीवर प्रोजेक्टर (लाइट असली तर). आणि गंमत म्हणजे मुलं परत खाली बसतात! फरशीवरच अक्षरं, आकडे रंगवलेत, त्यावर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडून बेरीज करतात. साताऱ्यातल्याच कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळांनी ही पद्धत गाजवली, लांबून लांबून शिक्षक बघायला यायचे. तूही किंडरगार्टनला सर्कल टाइममध्ये रगवरच बसायचीस की.

छडीचं पण विचारलं होतंस. हो, होती, नाहीतर अंगठे धरून उभं करायचे. न्यू जर्सीत शाळेत मारायला १८६७ पासून कायद्याने बंदी आहे, आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा लागू झाला २०१० साली, त्यात देशभर बंदी आली. आजी म्हणेल छडी होती म्हणून पाढे आले. मला नाही पटत, कारण तिला स्वतःला छडी क्वचितच बसली, ती हुशार होती. ज्यांना रोज बसायची ती मुलं चौथीपर्यंत पण टिकली नाहीत, गुरं राखायला गेली, आणि आजीच्या गोष्टींत ती कधी येतच नाहीत.

तुझी,
आई