सकाळी १८०, दुपारी ९०

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल डायलिसिस चालू असताना तीन नंबरच्या खाटेवरच्या आजोबांच्या पायात गोळे आले, बीपी घसरलं. मी सलाइन सोडायला धावलो आणि तू मागून विचारलंस, "काका, सकाळी १८० होतं, आता ९० कसं?" मी खेकसलो तुझ्यावर. प्रश्न मात्र बरोबर होता, म्हणून आज सवडीने लिहितोय.

तू किडनीला गाळणी समजतोस. गाळणं हा तिच्या कामातला सोपा भाग. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला साधारण लिटरभर रक्त जातं, दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळून बाहेर पडतं, आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. बाकीचं परत रक्तात. दिवाळीच्या आवराआवरीत आई अख्खं कपाट जमिनीवर रिकामं करते आणि मग हवं तेवढंच उचलून परत लावते, तसं. खरं डोकं या परत लावण्यात आहे. मीठ जास्त परत घेतलं की त्याच्यामागे पाणी येतं, पाणी वाढलं की दाब चढतो.

शिवाय किडनी दाब मोजतेसुद्धा. गाळणाऱ्या जाळीकडे रक्त आणणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीतच काही पेशी बसलेल्या असतात. दाब पडला की त्या रक्तात रेनिन नावाचं रसायन सोडतात. यकृतातून आलेल्या एका प्रथिनाला हे रेनिन तोडतं, पुढे मुख्यतः फुफ्फुसात त्याची आणखी छाटणी होऊन अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. ते धमन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाकरवी मीठ धरून ठेवायला लावतं. १९३४ मध्ये गोल्डब्लाट नावाच्या संशोधकांनी कुत्र्याच्या किडनीची धमनी चिमट्याने आवळली, तर साऱ्या अंगाचं बीपी चढलं. किडनीला बिचारीला वाटलं, शरीरातच दाब उरला नाही! आपल्या बऱ्याच पेशंटांच्या आजारी किडन्या गाळायचं जवळपास सोडून देतात, पण रेनिनचा हा आरडाओरडा सोडत नाहीत. म्हणून डायलिसिस असूनही बीपीच्या गोळ्या चालू असतात.

आता आजोबांचं. रविवारी लग्नाला गेले होते. पापड, लोणचं, मठ्ठा. सोमवारी वजन साडेचार किलोने वर, आणि नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला. मशीनला चार तासांत एवढं काढ म्हटलं की ते काढतं. पण ते काढतं रक्तातून, आणि सुजेतलं पाणी रक्तात उतरायला वेळ लागतो. आपण उपसलं भराभर, झरा हळू. रक्ताच्या नळ्या रिकाम्या पडल्या, दाब कोसळला. डॉक्टरांना विचारून वेळ वाढवायला हवी होती किंवा थोडं पाणी पुढच्या खेपेला ठेवायला हवं होतं. ती चूक माझी. बावीस वर्षांनंतरही होते.

मशीन गाळतं, ठरवत नाही. ठरवायला आपण बसलोय. दर अर्ध्या तासाला बीपीचा पट्टा लाव, आणि आकडा यायच्या आधी चेहरा बघ. जांभया यायला लागल्या, घाम फुटला, गप्पा मारणारा माणूस गप्प झाला, की मला हाक मार.

आणखी एक. आजोबांचा मुलगा ट्रक चालवतो, त्यालाही बीपी आहे, आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलवरून वेदनाशामक गोळ्या आणून खातो. ती गोळी जाळीकडे येणारी नळी आवळते. बीपीची काही औषधं बाहेर जाणारी नळी सैल करतात. दोन्हींच्या कचाट्यात जाळी कोरडी पडते. त्याला म्हणावं, बीपीची गोळी मनाने बंद करू नकोस, कंबरेचं डॉक्टरांना सांग, आणि रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत (किडनी बाहेर टाकते तो कचरा) लघवीतलं प्रथिनही तपासून घे. किडनीचं निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन चांगलं दिसू शकतं. माझं तो ऐकत नाही, तुझ्या वयाचा आहे, तुझं ऐकेल.

बुधवारी सकाळच्या शिफ्टला वजनकाटा आधी शून्यावर आहे का बघ. मागे त्यावर कुणाची तरी पिशवी राहिली होती.

तुझा,
काका